कोण म्हणतं?

१

आमच्या कामात चेहरा खाली आणि पाठ वर. फेझ शहरात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरचा माणूस ऐकतो आणि हसतो. रंगीत लादीचे छिन्नीनं फोडलेले तुकडे, काही नखाएवढे, काही बोटाएवढे, मधला एखादा तळहाताएवढा, आम्ही जमिनीवर पालथे मांडत जातो. डोळ्यांना दिसते ती भाजलेल्या मातीची पाठ, आणि पाठी सगळ्यांच्या सारख्याच. कोणता काळा आणि कोणता हिरवा हे तो कोणत्या ढिगातून उचलला यावरून लक्षात ठेवायचं. मांडणी पुरी झाली की वरून प्लॅस्टर ओतायचं, वाळलं की सगळा पट उभा करायचा. आपण आठवडाभर काय करून ठेवलंय ते तेव्हा पहिल्यांदा दिसतं.

मी अल्लाल. बावीस वर्षं बा थामींच्या हाताखाली तुकडे मांडले. ते आमचे मालेम, म्हणजे उस्ताद. नक्षी त्यांच्या डोक्यात असायची. ते बोट दाखवायचे आणि मी ठेवायचो. ठेवलेला तुकडा पुन्हा उचलायचा नाही हा त्यांचा एकच नियम होता. "ठेवलेल्याला तोंड विचारू नये," असं म्हणायचे. हिवाळा संपता संपता ते गेले. चाळीस दिवस झाल्यावर त्यांचा मुलगा निझार कासाब्लांकाहून आला आणि सरळ म्हणाला, की लल्ला बतूल म्हातारीच्या अंगणातल्या कारंज्याचा पट तू एकट्यानं मांड. सोळा टोकांचा तारा. गुरुवारी उभा करू. बरोबर निघाला तर तू मालेम. नाहीतर मेकनेसहून मी माणूस आणतो, मग तू आहेस तिथं बरा आहेस.

आहेस तिथं म्हणजे दुसऱ्याच्या बोटामागं. माझं वय सत्तेचाळीस.

काम करताना पुटपुटायची मला सवय आहे. इतरांच्या ओठांवर एखादं गाणं असतं, माझ्या ओठांवर एकच वाक्य: तुझ्याच्यानं व्हायचं नाही. ढिगाकडे हात नेला की म्हणायचो, तुकडा ठेवला की म्हणायचो. बा थामी होते तोवर त्याचं काही वाटत नव्हतं. ते खरंच होतं, माझ्याच्यानं व्हायची वेळच येत नव्हती.

पहिल्या दिवशी मी मधला तारा मांडला आणि न्याहारीला बसलो. भाकरीचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवून तोंडात कोंबला. तोंड भरलेलं होतं, गाल फुगलेले होते, आणि वाक्य चालूच होतं. तुझ्याच्यानं व्हायचं नाही. अगदी माझ्याच आवाजात, तितक्याच खालच्या पट्टीत.

मी घास गिळला. मग नीट ऐकलं तर काही नाही. बाहेर तिघे जण लाद्या फोडत होते, टक टक टक.

२

माणसाला कारण हवं असतं, मलाही हवं होतं. आधी वाटलं कानात मळ आहे. कानात मळ असला की स्वतःचा आवाज घुमतो, हे मला ठाऊक आहे. मग वाटलं कुणीतरी माझी नक्कल करतंय. नक्कल करणारा आमच्याकडे एकच, म्हातारा बुश्ता. लाद्या फोडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही आणि लोकांची टर उडवण्यातही नाही. पण बुश्ता बाहेर उन्हात बसला होता आणि आमच्यामध्ये भिंत होती.

मी कामाला लागलो. तुकडे मांडतो ती खोली लांबट आहे, छताशी एकच खिडकी, खाली घोटून सपाट केलेली जमीन. मी गुडघ्यांवर, माझ्या डावीकडे ढीग: पांढरा, काळा, हिरवा, मधाच्या रंगाचा, निळा. मला खात्री करायची होती. मी तोंडात पाण्याचा घोट धरला आणि हिरव्या ढिगाकडे हात नेला.

काही नाही. तुकडा ठेवला. काही नाही. मला स्वतःचंच हसू आलं आणि पाणी जवळजवळ नाकात गेलं. मग तिसरा तुकडा ठेवताना वाक्य आलं. कानात नाही, तोंडात नाही. कुठून ते सांगता येईना. मी पाणी थुंकलं आणि उठून बाहेर आलो.

बुश्तानं छिन्नीवरून नजर काढली नाही. तो म्हणाला, "काय रे, आज फार बडबड चाललीय. सकाळपासून तोंडाला विसावा नाही."

"आत्ता? आत्ताही बोलत होतो मी?"

"तू नाहीतर काय तुझी सासू? स्वतःला शिव्या घालतोस त्या ऐकून आमचेही हात थरथरतात. घालायच्याच तर मनात घाल."

मी परत आत गेलो. जीभ दातांमध्ये धरून काम केलं. संध्याकाळपर्यंत ती दुखायला लागली.

३

शुक्रवारी दुपारी घरी जेवायला कुसकुस असतो आणि त्या दिवशी माझी मुलगी सना येते. ती शाळेत मुलांशी बोलण्याचं काम करते. अभ्यासाची भीती, परीक्षेची भीती, स्वतःचीच भीती, असं सगळं तिच्याकडे येतं. मी जेवत नाहीये हे तिनं पाहिलं. तोंड भरलेलं असतानाचं मी सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की काम करताना मी स्वतःला फार टाकून बोलतो, आणि या पटापायी ते वाढलंय.

ती हसली नाही. तिची आजी गेल्यापासून मी घरातही असाच बोलतो, हे ती लहानपणापासून ऐकत आलीय, असं म्हणाली. मला हे नवीन होतं. मग तिनं सांगितलं की त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला गप्प बस म्हणायचं नाही, कारण गप्प बस म्हटलं की ते दुप्पट बोलतं. फक्त विचारायचं.

"काय विचारायचं?"

"कोण म्हणतं? बस, एवढंच. तुझ्याच्यानं व्हायचं नाही असं आलं की मोठ्यानं म्हण, कोण म्हणतं? आणि थांब. उत्तर येत नाही, बा. कधीच येत नाही. कुणी म्हणणारंच नसतं. मुलांना हे कळलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात."

माझी बायको घीता म्हणाली की वीस वर्षं हेच मी फुकट सांगतेय, कोण म्हणतं तुला येत नाही म्हणून, पण पालथ्या घड्यावर पाणी. मुलगी शिकून आली तेव्हा बापाला पटलं.

शनिवारी मी विचारायला सुरुवात केली. लाज वाटत होती. वाक्य आलं, मी मान वर न करता म्हणालो, "कोण म्हणतं?" आणि थांबलो. खोलीत फक्त बाहेरची टकटक. पुन्हा वाक्य आलं, पुन्हा विचारलं. दुपारपर्यंत ते अडखळायला लागलं. तुझ्याच्यानं... एवढ्यावरच थांबायचं. रविवारी जवळजवळ आलंच नाही. माझे हात असे चालले की मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ताऱ्याभोवतीची तीन वर्तुळं एका दिवसात झाली. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी घीताला सांगितलं नाही.

४

सोमवारी सकाळी मी चौथ्या वर्तुळात होतो. वाक्य आलं, खूप हळू, मलूल. मी सवयीनं विचारलं, "कोण म्हणतं?"

"तो काळा नाही," आवाज म्हणाला.

मी हलकेच मागं सरलो. गुडघ्याखाली खडा होता तोही काढला नाही.

"आत्ता ठेवलास तो. हिरवा आहे."

माझाच आवाज. पण मी तसा कधी बोलत नाही, इतका शांत. एखाद्यानं खिडकीतून रस्त्याकडे बघत समोर जे दिसतंय ते सांगावं, तसा.

बावीस वर्षांत मी ठेवलेला तुकडा उचलला नव्हता. मी नखानं कड धरली आणि उलटला. हिरवा होता. काळ्या ढिगात हिरवा कसा आला याचं कारण मी लगेच शोधलं. फोडणाऱ्याची चूक, टोपली हलवताना पडला असेल, नेहमी होतं. कारण अगदी बरोबर होतं. फक्त त्याची पाठ वर होती आणि तो हिरवा आहे हे कुणाला तरी दिसलं होतं. वरून ते दिसत नाही.

मी हिरवा बाजूला ठेवून काळा बसवला आणि उठलो. त्या पटाभोवती एक फेरी मारली. जमीन घट्ट आहे, दरवर्षी आम्हीच ठोकतो. खाली तळघर नाही, पोकळी नाही. मग मी खाली वाकून पटाला कान लावणार होतो, पण बुश्ता दारात आला आणि मी कंबर धरून उभा राहिलो.

५

त्या दिवशी आवाजानं नऊ तुकडे सांगितले आणि नऊही चुकलेले होते. मंगळवारी सकाळी सतरा. मी आता विचारतही नव्हतो. तो सांगायचा आणि मी उचलायचो. पांढऱ्याच्या जागी मधाचा, निळ्याच्या जागी काळा. चांगल्या मांडलेल्या वर्तुळांत भोकं पडत गेली. एक उचलला की शेजारचे सैल होतात, मग तेही काढावे लागतात. दुपारपर्यंत रविवार-सोमवारचं सगळं काम मी परत ढिगांत टाकलं होतं आणि पट शनिवारी होता तिथं आला होता. मध्ये फक्त तारा राहिला. तुकड्यांबद्दल सांगून झालं की शेवटी तो ते जुनं वाक्य म्हणायचा. आता मला ते विचारायची हिंमत नव्हती, कोण म्हणतं म्हणून. जो म्हणत होता त्याला सगळं दिसत होतं.

बुश्ता आत आला आणि पटाकडे बघून त्याचा चेहरा उतरला. तो टर उडवायला विसरला. म्हणाला, "अल्लाल, बा थामी असते तर तुझे हात बांधले असते त्यांनी."

मी म्हणालो तुकडे चुकलेत. त्यानं विचारलं, तुला कसं कळलं. मी पुढचा तुकडा नखानं उचलला. तो बाहेर गेला आणि त्यानं कुणाला तरी फोन केला हे मला भिंतीतून ऐकू आलं.

तासाभरात सना आली, शाळा अर्धी टाकून. तिनं चपला दारात काढल्या, आणि मी तिला सगळं सांगितलं. तोंड भरलेलं असतानाचंही. तिला काही ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघं गप्प बसून राहिलो तेव्हाही तिला ऐकू आलं नाही, आणि त्याच वेळी तो मला सांगत होता की हिला सांगून काय होणार, ही तुला वेडा म्हणेल.

"तू थकलायस," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण समज, थकलेला नाहीस. समज, कुणीतरी आहे आणि त्याला तुकडे दिसतात. तरी काय? तुकड्याबद्दल खरं सांगतो म्हणजे तुझ्याबद्दल खरं सांगतो असं थोडंच आहे. तुकडा हिरवा आहे हे त्यानं बघितलं. तुझ्याच्यानं होणार नाही हे त्यानं कुठं बघितलंय? ते अजून झालेलंच नाही."

एवढं साधं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

जाता जाता ती खाली वाकली. ताऱ्याच्या मधोमध पाठीवर तिनं तळवा ठेवला आणि चटकन काढला. "इथं गरम आहे," ती म्हणाली. मी म्हटलं ऊन पडलं असेल. ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकी उत्तरेकडे आहे, तिथून ऊन कधीच येत नाही.

६

मंगळवारची उरलेली दुपार आणि बुधवारची सकाळ मी मांडत राहिलो. उचलायचं नाही एवढं एकच ठरवलं होतं. बुश्तानं आपली छिन्नी ठेवली आणि माझ्या डावीकडे येऊन ढीग पुढं करत बसला. इतक्या वर्षांत तो कधी कुणाचा मदतनीस झाला नव्हता. मध्ये मध्ये तो नाकानं गाणं गुणगुणत होता. त्या गुणगुणण्याचा मला मोठा आधार होता.

आवाज आधी शांतपणे सांगत होता. पाचव्या वर्तुळात एक चुकला. मी पुढचा ठेवला. आणखी एक चुकला, डाव्या टोकाशी. मी पुढचा ठेवला. असे त्यानं सात सांगितले आणि सातही मला पाठ झाले. हात त्यांच्याकडे ओढ घेत होते. गांधीलमाशी चावलेली जागा खाजवू नको म्हटल्यावर जसं होतं तसं. सातव्यानंतर तो ओरडायला लागला. तुझी लाज निघेल. निझार हसेल. तुझ्या पोरीला लोक विचारतील. मन चिंती ते वैरी न चिंती, ते सगळं त्यानं त्या सकाळी चिंतून घेतलं. माझ्या कपाळावरून घाम तुकड्यांच्या पाठीवर पडत होता आणि माती तो पिऊन टाकत होती.

शेवटचा तुकडा बसल्यावर बुश्तानं प्लॅस्टर कालवलं. आम्ही दोघांनी बादली उचलली आणि कडेपासून ओतत आलो. पांढरा लगदा पाठींवरून सरकत मधल्या ताऱ्याकडे चालला तसा आवाजाचा सूर बदलला. आता तो घाबरलेला होता. "थांब," तो म्हणाला. "अरे थांब, मी अजून इकडेच आहे."

मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं का हे मला आजही माहीत नाही.

लगदा ताऱ्यावर चढला आणि आवाज बंद झाला. मधोमध बुडबुडे येत राहिले. हवा अडकली की येतात, दोन-चार, मग थांबतात. हे पाव तास येत होते, एकाआड एक, मोजून मापून. बुश्ता त्यांच्याकडे बघत होता. मग त्यानं आणखी एक डवला भरून त्याच जागी ओतला आणि हात पुसत बाहेर गेला.

७

गुरुवारी पाच जणांनी पट उभा केला. निझार होता, सना होती, लल्ला बतूलही काठी टेकत आली होती. ओली माती पुसली तसे रंग वर आले. सोळा टोकं, सात वर्तुळं, एक रेघ इकडची तिकडे नाही.

मी ते सात तुकडे शोधले. सातही बरोबर होते. मग सोमवारपासून उचललेले ते सव्वीस आठवले. प्रत्येक उचलल्यावर चुकलेलाच निघाला होता. ते आधीच चुकलेले होते, की मी उचलले म्हणून चुकले? हा प्रश्न मी मनात आला तसाच सोडून दिला.

निझारनं मला सगळ्यांसमोर मालेम म्हटलं. बुश्ता म्हणाला, आता याला आणखी चढेल, आजवर नुसता स्वतःला शिव्या द्यायचा, आता आम्हाला देईल. सगळे हसले, मीही हसलो. आणि आत शांत होतं. बाजार उठल्यावरच्या चौकासारखं. मी घरी येऊन दिवसाउजेडी झोपलो आणि घीतानं जेवायला उठवलं तेव्हा कितीतरी वर्षांनी मला भूक लागली होती.

पट लल्ला बतूलच्या अंगणात बसला. त्याच्या खालून तोटीचं पाणी दगडी कुंडात पडू लागलं. मला कामं येऊ लागली. एक मशीद, दोन घरं. मी हात पुढं केला की तुकडा त्याच्या जागी जायचा आणि डोक्यात काही नसायचं.

८

सहा आठवड्यांनी सांधे बघायला लल्ला बतूलकडे गेलो. पाणी लागून प्लॅस्टर भुसभुशीत होतं, एकदा बघावं लागतं. दुपार होती. अंगणात तिची नात वियाम बसली होती, कारंज्याच्या गारव्यात पुस्तकं पसरून. ही मुलगी वकिलीची प्रत्येक परीक्षा पहिल्या नंबरानं पास होत आलेली, बोलायला लागली की समोरच्याला वाक्य पुरं करू न देणारी. मी सलाम केला, तिनं नुसती मान हलवली.

लल्ला बतूलनं मला बाजूला घेतलं. पोरीला काय झालंय कळत नाही म्हणाली. सोमवारी तोंडी परीक्षा आहे आणि ती जाणार नाही म्हणते. जेवत नाही. सारखी पुटपुटते. दृष्ट काढून झाली, डॉक्टर झाला. "मालेम, तुम्हालाही मुलगी आहे. जरा बोलून बघा. आमचं ऐकत नाही."

मी कारंज्याजवळ गेलो. वियाम उठून केस बांधत होती. दोन्ही हात डोक्यामागं, ओठांत चार पिना घट्ट धरलेल्या. आणि मला तिचा आवाज ऐकू आला. माझ्याच्यानं व्हायचं नाही. मला काही येत नाही. सगळे हसतील.

तिचे ओठ पिनांवर मिटलेले होते. मी तिच्याकडे बघतोय हे पाहून तिचे डोळे मोठे झाले आणि ती माझ्यामागं, पटाकडे, बघायला लागली.

मी भित्रा माणूस आहे, हे लपवून काय करू. मला पहिला विचार आला तो पळून जायचा. दुसरा आला, हे माझं काम नाही. तिसरा आला तो खरा होता: या पटाला हात लावला तर मी मालेम राहणार नाही. पट उभा राहिल्यावर आमच्यात फक्त चुकलेला तुकडा काढतात, आणि मालेमचा तुकडा चुकत नाही. आणि जे बाहेर येईल त्याला जायला एकच घर माहीत होतं.

मुलीनं पिना ओठांतून काढल्या. विचारलं, "काका, तुम्हालाही येतं का ऐकू?"

मी लल्ला बतूलकडे वळलो. आयुष्यभर जे वाक्य बोलावं लागेल म्हणून मी घाबरत आलो ते मी स्वतः होऊन म्हणालो, आणि ते खोटं होतं. "लल्ला, चूक झालीय माझी. मधला तुकडा चुकलाय. काढावा लागेल."

तिनं काठी फरशीवर टेकवली. "बा थामींनी केलेल्या कामात असं कधी झालं नाही," ती म्हणाली. "मला निझारला कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हणालो.

छिन्नी ताऱ्याच्या कडेला लावली आणि हातोडी मारली. तीन घाव बसल्यावर मधला पांढरा तुकडा, तळहाताएवढा, सुटून माझ्या हातात आला. त्याच्या मागं प्लॅस्टर भरलेलं असायला हवं होतं. बुश्तानं तिथं एक डवला जास्त ओतला होता.

तिथं पोकळी होती. आत गुळगुळीत, ओलसर. प्लॅस्टर ज्याच्यावर पडतं त्याचा ठसा घेतं, केसाइतकीही चूक करत नाही. वर टाळूच्या वळ्या उमटल्या होत्या. खाली जिभेला जागा. दोन्ही बाजूंना दातांच्या खळग्या, ओळीनं, आणि वरच्या ओळीत डावीकडे एक खळगी नव्हती, नुसती सपाट जागा. माझी जीभ माझ्या तोंडात आपोआप डावीकडे वर गेली, जिथं पाच वर्षांपूर्वी मी दात काढून घेतला होता.

त्या पोकळीतून गरम वारा माझ्या चेहऱ्यावर आला, श्वासाएवढा, आणि संपला.

"थांबलं," मागून वियाम म्हणाली. मग खाली बसली आणि रडायला लागली, आणि लल्ला बतूल काठी टाकून तिच्याकडे धावली.

मी भोक प्लॅस्टरनं बुजवलं, बोटानं दाबून दाबून, आणि तुकडा परत बसवला. तोवर सुरू झालं होतं. बघ, सांगितलं होतं ना. चार दिवसांचा मालेम. आता पोरीला काय तोंड दाखवशील. मी हत्यारं गोळा केली, फडक्यात गुंडाळली. कोण म्हणतं असं मी विचारलं नाही, ते आता मला ठाऊक होतं. मी पिशवी खांद्यावर टाकली आणि हळूच म्हणालो, "चल. घरी चल."

लल्ला बतूल दार लावायला आली. मी उंबरा ओलांडून गल्लीत उतरलो आणि मागं वळून सलाम केला. ती माझ्याकडे बघत नव्हती. दार धरून ती जरा अंग चोरून बाजूला सरली, कुणाला तरी वाट द्यावी तशी, क्षणभर थांबली, आणि मग तिनं दार लावलं.